गरम घड्या

धुलाईच्या दुकानात अंगातून पापुद्रे झडणारी बाई म्हणजे काय चीज असते, ते मला विचारा. गिऱ्हाईक काळा कोट धुवायला घेऊन येतं, मी तो काउंटरवर पसरते, आणि माझ्या बाहीतून पांढरा भुसा त्याच कोटावर भुरभुरतो. मी झटकायला जाते, तर आणखी पडतो. गिऱ्हाईक सभ्य असेल तर छताकडे बघतं. सभ्य नसेल तर विचारतं, "हे लागण होण्यातलं आहे का हो?"

लागण होण्यातलं नाही. सोरायसिस म्हणतात त्याला. कातडी नको तितक्या घाईनं वाढते, लाल होते, जाड होते, सोलवटते, आणि खाज अशी सुटते की माणूस चारचौघांत दाराच्या चौकटीला पाठ घासायलाही कमी करत नाही. हे सगळं मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलं, की काउंटरवर दरपत्रकाच्या शेजारी त्याचीही एक पाटी लावावी असं वाटायला लागलं होतं. एका शिक्षिकेनं, रोज पोरांना समजुतीच्या गोष्टी शिकवणाऱ्या बाईनं, माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, "माझे कपडे तेवढे तुम्ही स्वतःच हाताळत जा." बाजूला घेऊन म्हणजे मला नीट ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात. नवऱ्यानं तिच्या साड्यांचं गाठोडं उचललं, तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "दुसरं दुकान बघा बाई." मला त्याचा अभिमान वाटायला हवा होता. मला त्याचाच राग आला. त्यानं ऐकलं नाही असं दाखवलं असतं, तर मीही ऐकलं नाही असं दाखवू शकले असते. दुसऱ्या दिवसापासून मी खाली उतरलेच नाही.

दुकानाच्या वरच आमच्या दोन खोल्या होत्या, जिना बाहेरून. वर बसून मी तुटलेल्या गुंड्या लावायची, उसवलेल्या शिवणी घालायची. ते कपडे धुवायच्या आधीचे असत, त्यामुळे माझा भुसा पडला तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं.

नवऱ्याला सगळे कडकराव म्हणायचे. त्याच्या इस्त्रीवरून. त्याच्या हातच्या सदऱ्याची कॉलर खाली ठेवली तरी उभी राहायची. माणूस मात्र इतका मऊ, की घरात भांडण काढायचं झालं तर दोन्ही बाजू मला एकटीलाच सांभाळाव्या लागत. धंद्यात त्याचे नेम होते आणि ते कुणासाठी मोडत नसत. दुकान बंद करताना इस्त्रीचा प्लग काढायचा, वायर मुठीला गुंडाळायची, शटरपर्यंत जायचं आणि परत येऊन इस्त्रीला हात लावून बघायचा. मी त्याला म्हणायची, "अरे, तिला गुड नाइटही म्हण." दुसरा नेम तेलकट कपड्यांचा. समोरच्या गॅरेजवाल्यानं कितीदा तरी हात पुसायची फडकी आणून बघितली. हा त्यांना शिवला नाही. त्याला काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्यानं बजावून ठेवलं होतं, तेल प्यायलेला कपडा गरमागरम घडी करून ठेवायचा नाही, घात करतो. का, ते म्हाताऱ्यानं सांगितलं नव्हतं आणि ह्यानं विचारलं नव्हतं.

आता तेलाचं सांगते.

अंगावर डाग दिसला की ज्याच्या त्याच्या पोटातून एक वैद्य बाहेर येतो. डॉक्टर बिचारे सरळ बोलले होते, "हे मुळातून जाणार नाही. मलम लावत राहा आणि कातडी कोरडी पडू देऊ नका. साधं तेलही चालेल." कुठलं, ते त्यांनी सांगितलं नाही, म्हणून बाकी जगानं सांगितलं. खोबरेल लावलं, बरं वाटलं, पण तासाभरात पाठ पुन्हा पापडासारखी. तिळाचं लावलं. ऑलिव्हचं लावलं. एरंडेल लावलं, त्या रात्री मी उशीला चिकटले. नणंदेनं कुठल्याशा झाडाच्या पानांचा उग्र अर्क आणला, दोन थेंब पुरेत म्हणाली. दोन थेंबांत अंगाची अशी आग झाली की मी तिच्या सगळ्या घराण्याचा उद्धार केला. त्या घराण्यात माझा नवराही येतो, हे त्यानं शांतपणे लक्षात आणून दिलं आणि ओल्या टॉवेलनं माझी पाठ पुसली.

शेवटी जवसाचं तेल लागू पडलं. कसं आणि का, मला विचारू नका. दिसायला पिवळंधमक, वास जुन्या लाकडी कपाटासारखा. नुसतं चोळून भागत नव्हतं, कपड्याला लागून निघून जायचं. मग नवऱ्यानं युक्ती काढली. दुकानात बेवारस चादरी पडून असतात, लोक टाकून जातात आणि विसरतात. त्यातल्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या त्यानं निवडल्या आणि फाडून रुंद पट्ट्या केल्या. संध्याकाळी दुकान बंद केलं की वर यायचा, हात धुवायचा, तेल कोमट करायचा आणि माझ्या अंगाला चोळून वरून पट्ट्या गुंडाळायचा. खांद्यापासून सुरुवात, मग पाठ, पोट, मांड्या, थेट घोट्यापर्यंत. मग मी तशीच पडून राहायची आणि तो शेजारी बसून दिवसभराच्या गोष्टी सांगायचा. कोणाच्या खिशात काय निघालं. कुठल्या वकिलाच्या पँटचा कंबरपट्टा पुन्हा सोडायला आलाय. कोण नवरा-बायको आता कपडे वेगवेगळे आणून टाकतात. सगळ्या वस्तीची खबर त्याला कपड्यांवरून कळायची, आणि ती फक्त मला कळायची.

तो तास माझा होता. ज्या पाठीला हात लावायला माझी सख्खी बहीण कचरते, त्या पाठीवर तो तळहात सपाट ठेवायचा. बोटांची टोकं नाही, अख्खा तळहात. आधीच्या वर्षांत आम्ही एकमेकांना हात लावणं कधी सोडलं, ते मला सांगता येणार नाही. मीच सोडलं असणार. सकाळी चादर झाडताना आपल्या अंगाचा भुसा दिसला की बाईला प्रेमाबिमाचं काही सुचत नाही. तेलानं ते परत आणलं. कातडी बरी होणं ही नंतरची गोष्ट.

पण कातडीही बरी होत गेली. आधी कोपरं मऊ पडली, मग पोटऱ्या. खाजेचा जोर उतरला. एका सकाळी मी आखूड बाह्यांचा ब्लाउज घातला आणि सरळ खाली जाऊन काउंटरला उभी राहिले. नवरा कोणाच्या तरी पँटला इस्त्री करत होता. त्यानं मान वर केली, मला बघितलं, आणि तो भला माणूस चक्क इस्त्री कपड्यावरच विसरला. क्षणभरच. मी ओरडले तशी उचलली. त्या पँटवरच्या डागाचं गिऱ्हाईकाला कधीच नीट उत्तर देता आलं नाही, पण आम्ही दोघं मात्र दिवसभर हसत होतो.

पट्ट्या अर्थातच धुवाव्या लागत. तेलानं चिंब होत, वास मारत. तो त्या शेवटच्या फेरीत वेगळ्या धुवायचा आणि मोठ्या ड्रायरमध्ये सुकवायचा. कधीतरी त्यानं एक पट्टी ड्रायरमधून काढून तशीच ऊन ऊन माझ्या पाठीवर ठेवली होती आणि मी म्हणाले होते, "गरम असली की किती बरं वाटतं रे." बस. त्यानंतर त्यानं पट्ट्या कधी थंड होऊ दिल्या नाहीत. ड्रायरमधून काढायच्या, गरम असतानाच दाबून घड्या घालायच्या, एकावर एक रचायच्या, सगळ्या चळतीला जाड ब्लँकेट गुंडाळायचं आणि काउंटरखालच्या लाकडी पेटीत ठेवायच्या. संध्याकाळपर्यंत ऊब धरून राहत.

सुट्टीचा दिवस होता. शटर बंद. साठलेल्या सगळ्याच पट्ट्या त्यानं सकाळी एकदम धुतल्या, सुकवल्या, घड्या घालून पेटीत ठेवल्या, वर आला, आम्ही जेवलो, आडवे झालो. मला वास आला. जवसाचा, पण करपल्यासारखा. मला वाटलं माझ्याच अंगाचा येतोय. तेल लावणाऱ्या बाईला सगळा वास आपलाच वाटतो. मी दंड हुंगून बघितला आणि कूस बदलली. मग जमीन गरम लागायला लागली.

पुढचं फार सांगत नाही. तो शटर उघडायला धावला, आणि शटर उघडल्याबरोबर आत वाऱ्यासकट आग उठली. गॅरेजवाल्यानं त्याला कॉलरला धरून मागं ओढलं, नाहीतर हा कपडे काढायला आत शिरलाच होता. लोकांचे कपडे! कोट, साड्या, शाळेचे गणवेश, हॉटेलच्या चादरी, सगळं नायलॉनच्या पिशव्यांसकट वितळून खाली बसलं. बंब आला तोवर वरच्या खोल्यांची जमीन खचली होती. अंगावरच्या कपड्यांनिशी आम्ही रस्त्यात उभे.

गर्दीतून कुणीतरी विचारलं, "कडकराव, झालं कसं हे?"

"इस्त्री राहिली माझ्याकडून," तो म्हणाला.

लोकांना आधी खरं वाटेना. मग वाटलं. मग त्यांना आपले कपडे आठवले. ज्या माणसाच्या कॉलरींचं लोक कौतुक करत, त्याला त्या आठवड्यात जे ऐकून घ्यावं लागलं, ते मी लिहून दाखवणार नाही. बेफिकीर, झोपाळू, बायकोच्या नादी लागून धंद्यावरचं लक्ष उडालेला. आम्ही नणंदेकडे राहायला गेलो होतो, तिथंही तेच. "दादा, एक इस्त्री बंद करता येऊ नये तुला?" नणंद वाढता वाढता म्हणायची, आणि तिचा नवरा समजूतदारपणे मान हलवायचा, जे बोलण्यापेक्षा वाईट. मीसुद्धा तोंड सोडलं. म्हणाले, इतकी वर्षं परत येऊन हात लावून बघायचास, नेमका त्याच दिवशी काय झालं होतं तुझ्या हाताला? तो म्हणाला, "चुकलं." एवढंच. खाली बघून जेवत राहिला.

मग एके सकाळी अग्निशमन दलाचे साहेब नणंदेच्या घरी आले. नवरा बाहेर होता, दुसऱ्यांच्या धुलाईच्या दुकानात इस्त्रीला उभं राहायचं काम मिळतं का बघायला गेला होता. साहेब खुर्चीच्या कडेवर बसले.

"ताई, काउंटरखाली काय ठेवत होता तुम्ही?"

"एक पेटी होती. माझ्या पट्ट्या असायच्या तिच्यात."

"कसल्या पट्ट्या?"

मी सांगितलं. अंगाचं सांगितलं, तेलाचं सांगितलं. बाही वर करून दाखवली. आगीनंतर तेल बंद होतं, आणि कोपरं पुन्हा लाल झाली होती. त्यांनी मान फिरवली नाही, हे त्यांचं सौजन्य.

"कुठलं तेल?"

"जवसाचं."

त्यांनी डोळे मिटून उघडले. "आग तिथंच लागली, ताई. सगळ्यात खोल जळलेलं लाकूड त्या पेटीचं आहे. हे तेल धुतल्यावरही कपड्यात उरतं. हवा लागली की हळूहळू तापतं. कपडा उघडा पसरला तर ती उष्णता उडून जाते. पण ड्रायरमधून गरम काढून घडी घातली, वर ब्लँकेट गुंडाळलं, की उष्णता जाणार कुठं? आतल्या आत वाढत जाते. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. दुपारपर्यंत आपोआप पेटतं."

"पण इस्त्री..."

"इस्त्रीचा प्लग बाहेर होता. वायर मुठीला गुंडाळलेली. जळून काळी झाली, पण गुंडाळी तशीच आहे." मग म्हणाले, "मी तुमच्या मिस्टरांना हे दुकानात उभं राहून सांगितलंय. त्यांनी ऐकून घेतलं, आणि म्हणाले, नाही साहेब, इस्त्रीच राहिली. घरी जाऊन काही विचारू नका म्हणाले, तिची तब्येत बरी नसते. पण मला विचारावं लागतं, ताई. घरात अजून तशा पट्ट्या असतील तर धोका आहे."

ते गेले. नणंद आतून भाजी चिरत विचारत होती, "काय म्हणत होते?" मी म्हटलं, "तेच, इस्त्री."

मी भिंतीला टेकून बसले. पाठ खाजत होती, आणि मला वाटलं खाजू दे, हिच्यामुळेच सगळं झालं. त्याला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? गॅरेजवाल्याला त्यानंच तर हाकललं होतं. म्हाताऱ्याचा नेम त्याला झोपेत विचारला असता तरी म्हणून दाखवला असता. पण त्याच्या लेखी माझ्या पट्ट्या तेलकट कपडा नव्हत्याच. कपडा खाली, दुकानात असायचा. ह्या माझ्या होत्या. त्या गरम राहाव्यात एवढंच त्याच्या डोक्यात होतं. जो नेम त्यानं साऱ्या जगासाठी पाळला, तो माझ्यापाशी आल्यावर त्याला आठवलाच नाही. आणि आगीकडे बघताना, रस्त्यात उभ्या उभ्या, आठवला असणार. मला कळायच्या आत त्यानं सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं, तेही कशाचं नाव सांगून, तर ज्या एका गोष्टीचा त्याला खरोखर गर्व होता तिचं.

मी त्याला सांगितलं नाही. मला कळलंय हे त्याला कळलं असतं, तर त्याच्याकडे काय उरलं असतं? दुकान गेलं, नाव गेलं. बायकोला सुखरूप अंधारात ठेवलं, एवढीच कमाई होती त्याची. ती मी कशी काढून घेऊ?

त्याला काम मिळालं. दुसऱ्याच्या दुकानात, दुसऱ्याच्या इस्त्रीवर. संध्याकाळी कामावरून निघताना कोणी विश्वासानं किल्ली देत नसे, दुकान बंद करायला मालक स्वतः यायचा. पहिल्याच आठवड्यात हा जवसाच्या तेलाची बाटली घेऊन आला. मी काही म्हटलं नव्हतं. माझी मान पार चिरली होती, तीच त्यानं बघितली असणार. नणंदेकडून जुनी चादर मागितली, पट्ट्या फाडल्या, आतल्या खोलीचं दार लोटलं आणि तेल कोमट केलं.

तळहात तोच होता. पण आता सपाट टेकत नव्हता. गोष्टी नव्हत्या. मी विचारलं, "आज कोणाच्या खिशात काय निघालं?" तर म्हणाला, "लक्ष नव्हतं." पट्ट्या गुंडाळून झाल्यावर तो शेजारी बसला नाही. उभा राहून त्यानं बाटलीचं झाकण घट्ट केलं, पुसलं, पुन्हा घट्ट केलं, बोटं साबणानं धुतली, हुंगली, परत धुतली.

दुसऱ्या दिवसापासून पट्ट्या तो हातानं धुवायचा आणि गच्चीत दोरीवर एकेक वेगळी टाकायचा, दोन पट्ट्यांच्या कडा एकमेकींना लागू नयेत अशी. वाळल्यावरही घडी घालायचा नाही. आणि वर जायचा. चहा अर्धा टाकून वर जायचा, जेवताना उठून वर जायचा. एकदा मी मागोमाग गेले. तो एकेका पट्टीला हात लावून बघत होता, गरम लागते का. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, आणि पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली. मी खाली उतरले.

तो वाळत चालला होता. पानात वाढलेलं तसंच राहायचं. मला तेल लावताना त्याचा श्वास असा चालायचा जणू माझ्या अंगावरच काहीतरी पेटणार आहे. मी डोळे मिटून पडायची आणि मनात म्हणायची, हा तास संपू दे. जो तास माझा होता, तो संपू दे म्हणायची वेळ आली होती. तेलाचा गुण येत होता बरं का. त्याही हालतीत मान भरून आली होती, कोपरं मऊ पडली होती. तेलानं त्याचं काम चोख केलं.

मग एका संध्याकाळी त्यानं बाटली उघडली तेव्हा मी पाठ फिरवली नाही.

"राहू दे," मी म्हटलं.

"का गं?"

"काही उपयोग नाही रे. आता फरक पडत नाही ह्या तेलानं. उलट आग होते."

खोटं बोलताना मी सरळ त्याच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटत होतं, तो बाटली खाली ठेवेल आणि म्हणेल, बघू, वळ तिकडे. माझ्या पाठीचा तीळ न् तीळ त्याला ठाऊक होता. त्यानं एकदा बघितलं असतं तरी माझं पितळ उघडं पडलं असतं. म्हणेल, मूर्ख आहेस का, बरी होत चाललीये की. मी त्याला नाही म्हणणार होते, तो हट्ट करणार होता, आणि मग मी मान खाली घालून वळणार होते. इतकंच हवं होतं मला. मग गच्चीत जाऊन त्यानं दिवसभर पट्ट्या चाचपल्या असत्या तरी मी काही बोलले नसते.

त्याचे खांदे खाली आले. आगीच्या दिवसापासून ते कानांपाशी जाऊन बसले होते, हे मला ते खाली आल्यावर कळलं.

"आग होते का?" तो म्हणाला. "मग नको."

त्यानं बाटलीला झाकण लावलं. गच्चीतल्या पट्ट्या काढून आणल्या आणि बाहेर कचऱ्याच्या पिंपात पाणी ओतून त्यात बुडवून आला. हात धुतले, एकदाच. नणंदेनं ताटं मांडली होती. तो जेवायला बसला, भाकरी मोडली, आणि आणखी एक मागून घेतली. नणंद खूश झाली. "दादा आज जेवला बाई पोटभर," मला म्हणाली.

माझी पाठ त्यानंतर कोणी बघितलेली नाही.